तुरुंगात असताना निवडून आलेला मॅथ्यू लायन

अमेरिकेत १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली पहिला खटला चालला तो व्हरमाँट राज्याचा विद्यमान खासदार मॅथ्यू लायन याच्यावर. सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाचा त्याच्यावरचा राग मात्र त्याआधीपासूनचा होता.

लायन मूळचा आयर्लंडचा. १७६४ मध्ये पोरवयात तो कनेक्टिकटला उतरला तेव्हा बोटीच्या भाड्यालाही पैसे नव्हते. ते त्याने चाकरी करून फेडलं. पुढे व्हरमाँटमध्ये फेअर हेवन गाव वसवलं, लोखंडाचा कारखाना काढला आणि १७९७ मध्ये फेडरलिस्टांचा विरोधक थॉमस जेफरसन याच्या बाजूचा खासदार म्हणून काँग्रेसमध्ये गेला. कुलीन फेडरलिस्टांना हा कालचा चाकर आपल्या पंगतीत खपत नव्हता.

जानेवारी १७९८ मध्ये कनेक्टिकटचा फेडरलिस्ट खासदार रॉजर ग्रिसवोल्ड याने त्याला लाकडी तलवारीवरून, म्हणजे भ्याडपणाच्या खुणेवरून, डिवचलं. स्वातंत्र्ययुद्धात लायनला एकदा सैन्यातून बडतर्फ केलं होतं, ती जुनी जखम. लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला. लायनच्या हकालपट्टीच्या बाजूने ५२ आणि विरोधात ४४ मतं पडली. दोन-तृतीयांश होईनात, म्हणून तो वाचला. मग १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्डने भर सभागृहात त्याला काठीने बडवलं आणि लायनने शेकोटीचा चिमटा उचलला.

जुलैमध्ये, फ्रान्सशी युद्धाची हवा तापलेली असताना, सरकारची बदनामी करणारं लिखाण गुन्हा ठरवणारा हा राजद्रोह कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव सुटली आहे, असं लायनने एका पत्रात लिहिलं होतं. पत्र कायद्याआधीचं, पण छापून आलं नंतर. तेवढं पुरलं. चार महिने कैद, हजार डॉलर दंड.

व्हर्जेन्सच्या तुरुंगातली त्याची कोठडी जेमतेम सोळा फूट बाय बारा फूट होती. कोपऱ्यातच शौचकूप, त्याची दुर्गंधी, खिडकीला नुसते लोखंडी गज, बाहेर व्हरमाँटचा हिवाळा. तिथूनच तो पत्रं लिहीत राहिला आणि डिसेंबरात मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. सरकारला याहून सणसणीत चपराक कोणती असणार!

फेब्रुवारी १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि अ‍ॅरन बर यांची बरोबरी झाल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे आली; तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. व्हरमाँटचे खासदार दोनच, तेही परस्परविरोधी, त्यामुळे पस्तीस फेऱ्या राज्याचं मत कोणालाच गेलं नाही. छत्तिसाव्या फेरीला दुसरा खासदार बाजूला राहिला आणि लायनने व्हरमाँट जेफरसनच्या पारड्यात टाकलं.

पुढे तो केंटकीतूनही खासदार झाला. १८२२ मध्ये आर्कान्सामध्ये वारला. १८४० मध्ये काँग्रेसने त्याचा दंड व्याजासकट वारसांना परत केला.