विद्युतचुंबकीय क्षेत्राचे सजीव ऊतींवरील परिणाम

विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे सजीवांच्या ऊतींमध्ये जे भौतिक, रासायनिक किंवा शरीरक्रियात्मक बदल घडतात, त्यांना त्या क्षेत्राचे जैविक परिणाम म्हणतात. क्ष-किरण व गॅमा किरण रेणूतील इलेक्ट्रॉन सुटा करतात, म्हणजे आयनीभवन घडवतात. त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो. प्रस्तुत नोंद वीजवाहिन्या, रेडिओ व मोबाइल यांच्या आयनीभवन न करणाऱ्या क्षेत्रांपुरती आहे. ९०० मेगाहर्ट्झ लहरीच्या एका फोटॉनची (ऊर्जेच्या अविभाज्य पुंजाची) ऊर्जा सुमारे ४ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या चार दशलक्षांश असते, तर आयनीभवनाला १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. क्षेत्राची तीव्रता वाढवल्यास फोटॉनांची संख्या वाढते, एकेकाची ऊर्जा नव्हे. त्यामुळे ‘रेडिएशन’ हा एकच शब्द आयनीभवन करणाऱ्या व न करणाऱ्या अशा दोन्ही क्षेत्रांसाठी वापरण्याने गोंधळच वाढला आहे.

कमी वारंवारतेचे बदलते चुंबकीय क्षेत्र शरीरात विद्युत क्षेत्र प्रवर्तित करते, म्हणजे स्पर्शाविना निर्माण करते, आणि ते पुरेसे तीव्र असल्यास मज्जातंतू व स्नायू उद्दीपित होतात. १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ दारसोंव्हाल यांना असे आढळले, की तीव्र प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात डोके ठेवलेल्या माणसाला डोळे मिटलेले असतानाही प्रकाशाची लुकलुक जाणवते. मेंदूला बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन हाताचे स्नायू हलवण्याचे तंत्र १९८५ मध्ये प्रत्यक्षात आले, त्याचा आधारही हेच प्रवर्तन होय.

वारंवारता वाढत गेली की उद्दीपन मागे पडते आणि उष्णता पुढे येते. पाण्याचे ध्रुवीय रेणू क्षेत्राच्या दिशेबरोबर फिरू पाहतात, आयन मागेपुढे हलतात आणि शोषलेल्या ऊर्जेची उष्णता होते. शोषणाचा दर वॅट प्रति किलोग्रॅम या एककात मोजतात. संपूर्ण शरीरासाठी तो अर्धा तास सरासरी ४ राहिल्यास शरीराचे तापमान साधारण १ अंश सेल्सिअसने वाढते. यावरून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सामान्य जनतेसाठी त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ ही मर्यादा ठरवली आहे. रक्तप्रवाह उष्णता वाहून नेतो. नेत्रभिंगात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिथे साचलेली उष्णता सहज निघत नाही आणि अतितीव्र सूक्ष्मतरंगांनी (मायक्रोवेव्ह लहरींनी) प्रायोगिक प्राण्यांमध्ये मोतीबिंदू झालेला आहे. उष्णतेचा आणखी एक चमत्कारिक परिणाम १९६१ मध्ये अमेरिकन संशोधक फ्रे यांनी वर्णिला: सूक्ष्मतरंगांच्या तीव्र, क्षणिक स्पंदांनी डोक्यातील ऊती अत्यल्प तापून एकदम प्रसरण पावतात आणि त्यातून उठलेली दाबलहर आंतरकर्णापर्यंत पोहोचून टिकटिक ऐकू येते. तापमानवाढ अंशाच्या लाखाव्या भागाइतकी असली तरी पुरते.

उद्दीपन व उष्णता यांखेरीज एखादी यंत्रणा आहे का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. १९७९ मध्ये डेन्व्हर येथील अभ्यासात वीजवाहिन्यांजवळ राहणाऱ्या मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सुचवला गेला. पुढे अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लावरील (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) सरासरी क्षेत्राशी थोडा संख्याशास्त्रीय संबंध टिकून राहिला, पण त्यामागची जैविक कारणसाखळी हाती लागली नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांना २००२ मध्ये आणि रेडिओ लहरींना २०११ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-ब गटात ठेवले. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याची मात्रा नव्हे, आणि वृत्तपत्री मथळ्यांत नेमके हेच निसटते. ‘विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलते’ची तक्रार करणाऱ्यांचा त्रास खरा असतो, तथापि क्षेत्र चालू आहे की बंद, हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत त्यांना ते योगायोगापेक्षा अधिक अचूकपणे ओळखता आलेले नाही.