बेंझीन वलय फोडणारे जिवाणू: पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेसारख्या फाउंड्रींच्या वसाहतीत शेल मोल्डिंगची (ओतकामाचे साचे करण्याच्या एका पद्धतीची) रेती फेनॉलपासून केलेल्या रेझिनने बांधली जाते आणि वापरून टाकलेल्या रेतीत त्याचा अंश राहू शकतो. त्यामुळे फेनॉलचे, म्हणजे बेंझीन वलय (सहा कार्बन अणूंचे कडे) असलेल्या या संयुगाचे, विघटन जिवाणूंकडून कसे होते, हा प्रश्न या भागाला परका नाही. त्यामागचे शास्त्र मात्र मुख्यतः 1950 ते 1980 या काळात उभे राहिले.

टोल्युइनसारख्या, हेच वलय असलेल्या म्हणजे ॲरोमॅटिक संयुगांवर वाढणारे जिवाणू 20व्या शतकाच्या आरंभीच माहीत झाले होते. ऑक्सिजन केवळ हायड्रोजन स्वीकारतो, पदार्थात स्वतः शिरत नाही, हे तेव्हाचे प्रबळ मत 1955 साली ढळले. ऑक्सिजनचे 18 वस्तुमानांकाचे समस्थानिक वापरले असता त्याच्या रेणूतील दोन्ही अणू कॅटेकॉलचे (वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेल्या संयुगाचे) वलय फुटून बनलेल्या म्युकॉनिक आम्लात आढळले. ही क्रिया घडवणारे विकर हेच पहिले ज्ञात डायऑक्सिजनेज, म्हणजे ऑक्सिजनचे दोन्ही अणू पदार्थात घालणारे विकर. काही जिवाणू कॅटेकॉलचे वलय दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधोमध फोडतात, तर काही त्यांच्या शेजारी, हे त्यानंतर स्पष्ट झाले. टोल्युइन पचवणारी जनुके प्लास्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या लहान कड्यावर) असतात, हे 1974 मध्ये प्रसिद्ध झाले.

या इतिहासातील सर्वाधिक गाजलेला टप्पा प्रयोगशाळेत नव्हे, न्यायालयात घडला. बंगालमध्ये जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाने तेल पचवणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूसाठी 1972 मध्ये अमेरिकेत पेटंट मागितले. कृतीवरील हक्क मान्य झाला, पण जिवाणू सजीव असल्याने खुद्द त्यावरील हक्क नाकारला गेला. अखेर 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो जिवाणू मानवनिर्मित ठरवून पेटंटयोग्य मानला. या निकालाला मिळालेले महत्त्व विज्ञानाच्या मानाने जास्तच वाटते. त्या जिवाणूतील कापूर, ऑक्टेन, सॅलिसिलेट आणि नॅप्थलीन पचवणारी प्लास्मिडे मुळात निसर्गातील जिवाणूंकडूनच आलेली होती, ती एकत्र आणताना जनुके कापून जोडण्याचे तंत्र वापरलेले नव्हते, आणि या चार पदार्थांपैकी ॲरोमॅटिक दोनच आहेत. समुद्रावर सांडलेले तेल साफ करण्यासाठी तो जिवाणू प्रत्यक्षात कधी सोडलाही गेला नाही.

भारतीय कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने वनस्पती व प्राण्यांना पेटंटमधून वगळताना सूक्ष्मजीवांचा अपवाद ठेवला; निसर्गात आढळणाऱ्या सजीवाचा निव्वळ शोध मात्र पेटंटयोग्य नाही. म्हणजे उद्यमबागेच्या मातीतून वेगळा केलेला जिवाणू जसाच्या तसा कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, आणि हे योग्यच म्हणावे लागेल.

दरम्यान, ऑक्सिजनवाचून वलय मोडत नाही ही समजूतही टिकली नाही. बेंझोइल-कोएन्झाइम-ए या संयुगाचे वलय ऊर्जा खर्चून क्षपणाने (इलेक्ट्रॉन पुरवून) शिथिल करणारे विकर 1995 मध्ये वेगळे करण्यात आले. खानापूर तालुक्यातील पाणी तुंबलेल्या भातखाचरांसारख्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या चिखलात ॲरोमॅटिक पदार्थांचे विघटन याच प्रकारच्या मार्गाने होऊ शकते.