‘गुन्हा कबूल’ आणि प्ली बार्गेनिंग : अमली पदार्थांच्या केसमध्ये दोन्ही एक नव्हेत

कोर्टाच्या व्हरांड्यात घाबरलेल्या आईवडिलांना हमखास एक सल्ला मिळतो: ‘कबूल करून टाका, दंड भरला की पोरगा संध्याकाळी घरी.’ कुणी यालाच प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा मान्य करून शिक्षेबाबत कायद्याने आखलेल्या पद्धतीने केलेली तडजोड, म्हणतं. हा घोळ महागात पडतो.

थेट कबुली म्हणजे न्यायाधीशांनी ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं विचारल्यावर ‘हो’ म्हणणं. तेवढ्या उत्तरावर आरोपीला दोषी ठरवता येतं. शिक्षा किती द्यायची, ते न्यायाधीश ठरवतात. ‘फक्त दंड होईल’ असं कुणी बाहेर सांगितलं असेल, तरी न्यायालय त्याला बांधील नाही.

प्ली बार्गेनिंग आपल्याकडे २००६ पासून आहे आणि आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आरोपीने लेखी अर्ज करायचा. सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं, की हा अर्ज मी स्वखुशीने, शिक्षा समजून घेऊन करतोय आणि याच गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेलो नाही. मग न्यायाधीश दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून, बंद दालनात आरोपीशी बोलतात. मला या तरतुदीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. कुणी दबाव आणला असेल, तर ते सांगायची जागा हीच. त्यानंतर सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्यांशी बोलणी होतात. ती फिसकटली तर खटला नेहमीसारखा चालतो आणि या अर्जात दिलेली माहिती इतर कशासाठीही वापरता येत नाही. थेट कबुलीला असलं कवच नाही.

शिक्षेतही फरक आहे. अल्प प्रमाणातल्या गांजासाठी कमाल शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पहिल्यांदाच गुन्हा असेल, तर तडजोडीत न्यायालय कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे दोन महिने देऊ शकतं. कोठडीत काढलेले दिवस त्यातून वजा होतात.

पण हे दार सगळ्यांना उघडं नाही. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात प्ली बार्गेनिंग नाही. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत धरतात. ८०० ग्रॅम सापडला तर अर्ज करता येतो. १,२०० ग्रॅम असेल तर कमाल शिक्षा दहा वर्षं, म्हणजे अर्ज नाहीच. एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थासाठी ही रेघ अवघ्या दोन ग्रॅमवर आहे. त्यात मिसळलेली साधी भुकटीही वजनात मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. म्हणून सीए रिपोर्ट (सरकारी प्रयोगशाळेतला रासायनिक तपासणीचा अहवाल) हातात येण्याआधी कुठलीच कबुली देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पंचनाम्यातलं वजन, सील, झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला होता का, हे वकिलाने आधी तपासावं. केस तिथेच कच्ची निघाली, तर तडजोड कशाला?

अपिलाचं मात्र उलटं आहे. थेट कबुलीनंतर निदान शिक्षेच्या प्रमाणावर आणि वैधतेवर अपील करता येतं. प्ली बार्गेनिंगचा निकाल अंतिम. उरतात त्या फक्त उच्च न्यायालयातली रिट आणि सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका.

आणि दोन्हीकडे शेवटी दोषसिद्धीच होते, हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. पुढे अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली तेवढ्याच शिक्षेच्या गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरलं, तर कमाल कैद दीडपट होऊ शकते. पोरगा शिकायला अमेरिकेला जायचा असेल, तर अमली पदार्थाची दोषसिद्धी, दंड कितीही किरकोळ असला, व्हिसा अडवते.

पोरगा खरंच व्यसनात अडकला असेल आणि माल अल्प प्रमाणात असेल, तर या दोन्हींच्या आधी एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ बघा. सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घेतले, तर खटल्यापासूनच संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या आरोपीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. त्याच्याकडे पहिला प्रश्न ६४-अ बद्दलचाच काढा.