गालातली शिदोरी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर, एखादे माकड शेंगदाण्यांचा बोकणा भरताना नीट पाहावे. दाणे भराभर तोंडात जातात, पण जबडा फारसा हलत नाही; बघता बघता गालाखाली लिंबाएवढा फुगवटा येतो. मग ते झाडावर जाऊन बसते आणि हाताने गाल दाबत एकेक दाणा पुन्हा दातांखाली आणते.

गालांत अशीच पिशवी चिपमंकलाही असते. चिपमंक ही जमिनीवर वावरणारी पट्टेरी खार असून तिच्या जवळपास सर्व जाती उत्तर अमेरिकेत राहतात. आशियात तिची सायबेरियन ही एकच जात आढळते. (आपल्या सोसायटीतल्या तीन पट्ट्यांच्या खारीला मुले हल्ली चिपमंक म्हणतात, पण ती निराळ्या शाखेतली.) चिपमंक आणि माकड यांचे पूर्वज सात कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि दोघांत ही पिशवी स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली.

कामे मात्र अगदी निराळी आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, जेमतेम 100 ग्रॅम वजनाचा चिपमंक हिवाळ्यासाठी अंगात फारशी चरबी साठवत नाही. त्याची सारी भिस्त बिळातल्या कोठारावर असते. थंडीत तो काही दिवस शरीराचे तापमान उतरवून निपचित पडतो, मग जागा होऊन साठवलेल्या बिया खातो आणि पुन्हा झोपतो. हे कोठार भरण्यासाठी शरद ऋतूत त्याच्या असंख्य खेपा होतात, आणि गाल फुगून जवळजवळ डोक्याएवढे झाले की एका खेपेत बरेच काही वाहून नेता येते.

माकडाला कोठार नाही. त्याची अडचण शेजाऱ्यांची आहे. टोळीत मानाची उतरंड असते, वरचढ माकड जवळ आले की खालच्याला हातातले सोडून बाजूला व्हावे लागते. गालात गेलेले मात्र सहसा कोणी हिसकावू शकत नाही. शिवाय लाळेतील विकर पिशवीतच पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू करते.

त्याच उद्यानातल्या काळतोंड्या वानराला ही पिशवी नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याचे मुख्य अन्न पाने. ती विपुल असतात, आणि पचवायला त्याला कप्पे असलेले जठर आहे. माकडाचा जीव फळांवर, आणि फळांवर सगळ्यांचाच डोळा. म्हणूनच जांभळे पिकली की ते गाल भरून निघून जाते, आणि बिया थुंकते त्या दुसऱ्याच झाडाखाली.