इलॅस्टिनचा ताण आणि पाण्याचा वाटा

‘त्वचेला इलॅस्टिन पुरवणारं क्रीम’ अशी जाहिरात दिसली की मला राहवत नाही. त्वचा, धमन्या आणि फुप्फुसं ताणल्यावर परत मूळ आकारात आणणाऱ्या इतक्या सुंदर प्रथिनाची ओळख लोकांना अशा खोट्या दाव्यातून व्हावी, याचं वाईट वाटतं.

आधी त्या क्रीमचं बघू. निरोगी त्वचेच्या बाहेरच्या थरातून साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू सहजासहजी आत शिरत नाहीत. इलॅस्टिनचा एक सुटा रेणू, ज्याला ट्रोपोइलॅस्टिन म्हणतात, 60,000 डाल्टनच्या आसपास असतो. त्याचे बारीक तुकडे करून क्रीममध्ये घातले, तरी त्या तुकड्यांपासून त्वचेत तंतू विणले जात नाहीत. क्रीमनं त्वचा ओलसर राहते, एवढंच.

खरं इलॅस्टिन बघायचं तर महाधमनीच्या भिंतीत बघावं. प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि लगेच आक्रसून रक्त पुढे सारते. दिवसाला सुमारे 1 लाख वेळा, म्हणजे सत्तर वर्षांत अडीचशे कोटींहून जास्त वेळा! आणि हे तंतू बहुतांशी जन्माआधी आणि बालपणी तयार झालेले असतात. अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढला होता. माणसाच्या फुप्फुसातल्या इलॅस्टिनमध्ये त्यातला किती उतरला, हे 1991 साली मोजलं गेलं. त्यावरून इलॅस्टिनमधला कार्बन सरासरी 74 वर्षं तिथेच राहतो, असा हिशेब निघाला. म्हणजे जन्मभराचा साठा. तो तुटला की शरीर ती जागा मुख्यतः कोलॅजेन या कमी ताणल्या जाणाऱ्या प्रथिनानं भरतं, म्हणून जखमेचा व्रण आखडलेला लागतो.

हे प्रथिन ताणल्यावर परत का येतं? एक जाड रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच ओठाला लावा. कोमट लागेल. तसाच थोडा वेळ धरून ठेवा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. आता गार लागेल. लोखंडी स्प्रिंग ताणली की तिचे अणू एकमेकांपासून ओढले जातात. रबराचं तसं नाही. डब्यात बारीक साखळी टाकून हलवली तर ती कधी सरळ पडत नाही, कारण सरळ राहण्याची रीत एकच आणि गुंता होण्याच्या रीती असंख्य. ताणलेले लांब रेणूही त्याच कारणानं गुंत्याकडे परत धावतात. या अव्यवस्थेच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. ताणताना ती घटते आणि उष्णता बाहेर पडते, सोडल्यावर उलट होतं; म्हणून ओठाला आधी कोमट आणि मग गार लागतं.

इलॅस्टिनमध्ये यात पाण्याची भर पडते, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. त्याच्या साखळीत व्हॅलिन, प्रोलिन, ग्लायसिन, व्हॅलिन, ग्लायसिन असे पाच अमिनो आम्लांचे (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचे) तुकडे पुन्हापुन्हा येतात. प्रोलिन आणि ग्लायसिनमुळे साखळीला ठाशीव घडी पडत नाही. व्हॅलिनचं पाण्याशी पटत नाही. ताण दिला की व्हॅलिनच्या बाजू उघड्या पडतात आणि भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना शिस्तीत उभं राहावं लागतं. ताण सुटला की साखळी मिटते आणि पाणीही मोकळं होतं. साखळीचा वाटा किती आणि पाण्याचा किती, यावर संशोधक बराच काळ भांडले आहेत. पण कोरडं इलॅस्टिन ठिसूळ होतं, यावरून पाण्याचं महत्त्व कळतं.

याच पाण्यामुळे आणखी एक नवल घडतं. डॅन उरी या अमेरिकी संशोधकांनी अशा पाच-पाचच्या तुकड्यांच्या कृत्रिम साखळ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. या साखळ्यांचं थंड द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. नळी तळहाताच्या उबेत धरली की ते दुधाळ होतं, कारण ऊब मिळताच शिस्तीतलं पाणी सुटतं आणि साखळ्या एकत्र येऊन थेंब बनतात. बहुतेक पदार्थ ऊब दिल्यावर जास्त विरघळतात, हा उलटा वागतो. तुकड्यातलं एखादं अमिनो आम्ल बदललं की हे तापमान वरखाली करता येतं. म्हणजे थंड असताना सुईतून टोचता येईल आणि शरीराच्या उबेत जागच्या जागी घट्ट होईल, असं द्रव्य बनवता येतं.

आता मानवी ट्रोपोइलॅस्टिन जिवाणूंकडून बनवून घेतात. 2017 साली सिडनी विद्यापीठाचे अँथनी वाइस आणि अमेरिकेतले सहकारी यांनी त्यापासून ‘मेट्रो’ नावाचा शस्त्रक्रियेचा डिंक केला. तो जखमेवर लावून अतिनील प्रकाश पाडला की मिनिटभरात घट्ट होतो. डुकरांच्या फुप्फुसाची भोकं त्यानं टाक्यांशिवाय बुजली. फुप्फुस श्वासागणिक फुगतं, त्यामुळे कडक डिंक तिथे उकलतो. यानं मात्र फुप्फुसासोबत ताण घेतला.

6 मिलिमीटरपेक्षा बारीक कृत्रिम रक्तवाहिन्या रक्त गोठून तुंबतात, तिथेही इलॅस्टिनचं अस्तर वापरून पाहिलं जातंय. पण मोठी अडचण पुढे आहे. गर्भातल्या पेशी आधी फायब्रिलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या बारीक तंतूंचा सांगाडा उभारतात, त्यावर ट्रोपोइलॅस्टिनचे थेंब बसवतात आणि मग तांबं लागणारं एक विकर (एन्झाइम) ते थेंब कायमचे सांधून टाकतं. नळीत दुधाळ दिसणारे थेंब आणि हे थेंब एकाच जातीचे. प्रौढ पेशींकडून हे विणकाम पुन्हा करून घेणं अजून नीटसं साधलेलं नाही.