स्कॉर्पिओच्या आधीची आठ वर्षं

वडापची जीप ज्याने पाहिली आहे, त्याला जुन्या महिंद्राची ओळख करून द्यायला नको. माणसं आत मावेनात म्हणून मागे लटकलेली असायची, पण गाडी काही कुरकुरायची नाही. १९४७पासून विलिस जीपची जुळणी, १९६३पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर. मूळ आराखडा परक्यांचा, बांधणी दणकट आणि परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नावापुरती. नवं काही करायची घाई कोणाला होती?

१९९१मध्ये उदारीकरण आलं. त्याच वर्षी आनंद महिंद्रा उपव्यवस्थापकीय संचालक झाले. उत्पादकता वाढल्याशिवाय दिवाळीचा बोनस नाही, असं त्यांनी कांदिवलीच्या कारखान्यात सांगितलं, तेव्हा कामगारांनी त्यांना घेराव घातला. १९९४मध्ये सगळ्या पसाऱ्याचे सहा व्यवसाय-गट पाडले गेले आणि ज्याच्या त्याच्या नफ्यातोट्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या गळ्यात आला. त्याच साली पुण्याहून टाटा सुमो बाजारात उतरली. आता जीपवर भागणार नव्हतं.

दरम्यान १९९३मध्ये पवन गोएंका जनरल मोटर्समधली चौदा वर्षांची नोकरी सोडून नाशिकला संशोधन विभागात रुजू झाले होते. फोर्डबरोबरच्या भागीदारीत एस्कॉर्ट मोटारही नाशिकलाच बनू लागली आणि मोठ्या कंपनीची कामाची पद्धत जवळून पाहता आली.

आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांची रीत ठरलेली: ड्रॉइंग ऑफिसने आराखडा पुरा करायचा, मग तो साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूमकडे, तिथून ‘याचा डाय (साचा) निघणारच नाही’ म्हणून परत. परचेसवाले सगळ्यात शेवटी भाव विचारायला निघणार, तोवर वर्ष उलटलेलं. महिंद्राने स्कॉर्पिओ या नव्या गाडीसाठी ही उतरंड मोडली. डिझाइन, उत्पादन, खरेदी, विक्री अशा सगळ्या खात्यांतून सुमारे १२० जण उचलले आणि त्यांचे १९ मिश्र गट केले. सीट, सस्पेन्शन यांसारखे आख्खे भाग पुरवठादारांनीच घडवून द्यायचे ठरलं. सुमारे ६०० कोटी रुपयांत, जून २००२मध्ये, गाडी आली.

ही गोष्ट बहुतेक वेळा एका धडाडीच्या माणसाची म्हणून सांगितली जाते. मला बोनसचा तो वाद आणि कोण कोणाच्या हाताखाली हा बदललेला तक्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आधी बदलला नसता, तर परचेसचा माणूस आराखड्याच्या पहिल्या बैठकीला बसलाच नसता.

पुढे २०१२मध्ये चेन्नईजवळ मोठं संशोधन केंद्र उभं राहिलं. विजेवरच्या मोटारींच्या वेळी मात्र कंपनीने उलटी चाल केली. स्कॉर्पिओच्या वेळी खात्यांमधल्या भिंती पाडल्या होत्या. २०२२मध्ये विजेच्या मोटारींसाठी वेगळी कंपनीच काढली, ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट या ब्रिटन सरकारच्या गुंतवणूक संस्थेचा पैसा घेतला आणि नव्या कामाचा हिशेब जुन्या घरापासून अलग ठेवला. त्या गाड्या आता चाकणहून निघतात.