आंतरसांस्कृतिक संवाद

वेगवेगळ्या देशांत वाढलेली माणसे एकत्र काम करतात, वाटाघाटी करतात किंवा शिकतात, तेव्हा त्यांच्या मूल्यांतला आणि बोलण्याच्या रीतींतला फरक कुठे आड येतो, याचा अभ्यास. मानवशास्त्र, भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही शाखांचा त्यात वाटा आहे. परकी भाषा उत्तम येत असली तरी गैरसमज व्हायचे ते होतातच, आणि तेव्हा ते जास्त बोचतात. व्याकरण चुकले तर ऐकणारा सांभाळून घेतो. सूर चुकला, तर तो समोरच्याला उद्धट, लबाड किंवा तुसडा ठरवून मोकळा होतो.

प्रश्न जुना आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याने इराणचा सम्राट दारियस याची एक हकिगत नोंदवली आहे. मेलेल्या बापाचे शव खायचे किती पैसे घ्याल, असे दारियसने दरबारातल्या ग्रीकांना विचारले. वाटेल ते दिले तरी नाही, असे ते म्हणाले. मग आईबापांचे शव खाण्याची रीत असलेल्या लोकांना त्याने विचारले, की ते शव जाळायचे किती घ्याल? त्यांनी ओरडून सांगितले, की असले अभद्र बोलू नका.

आधुनिक अभ्यासाची पायाभरणी अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल (१९१४–२००९) यांनी केली. १९५० च्या दशकात ते परदेशी जाणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत होते. वेळ पाळणे, दोन माणसांतले अंतर, गप्प राहणे हेही बोलणेच आहे, हे त्यांनी ठासून मांडले. १९७६ मध्ये त्यांनी संस्कृतींची एक विभागणी सुचवली : काही ठिकाणी अर्थ शब्दांत असतो, तर काही ठिकाणी तो नात्यात, प्रसंगात आणि न बोललेल्या भागात असतो. जर्मनी पहिल्या टोकाकडे, तर जपान दुसऱ्या टोकाकडे.

नकार द्यायची वेळ आली, की हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. जपानी व्यवस्थापक प्रस्ताव ऐकताना मधूनमधून ‘हाय’ म्हणतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘हो’, पण इथे तो ‘ऐकतोय’ एवढाच असतो. शेवटी तो दातांतून हवा आत ओढतो, थोडा थांबतो आणि ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करून पाहतो’, असे म्हणतो. पुष्कळदा तो नकारच असतो. जपानी सहकाऱ्याला तो तिथेच कळतो. परदेशी पाहुणा मात्र उत्तराची वाट पाहत बसतो आणि पुढे आपल्याला झुलवले असे म्हणतो. जपानी माणसाला वाटते, इतके स्पष्ट सांगूनही याला कसे कळले नाही? दोघेही आपापल्या जागी सभ्यपणेच वागलेले असतात.

मूल्यांचेही तसेच. समाजशास्त्रज्ञ स्टाउफर आणि टोबी यांनी १९५१ मध्ये एक पेच मांडला. तुमचा मित्र ताशी २० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३५ च्या वेगाने गाडी चालवताना एकाला धडकतो. साक्षीदार तुम्ही एकटे. २० चाच वेग होता, अशी साक्ष द्याल का? पुढे डच अभ्यासक फोन्स ट्रॉम्पेनार्स यांनी हाच प्रश्न अनेक देशांतल्या व्यवस्थापकांना विचारला, तेव्हा उत्तरांत मोठी तफावत दिसली. एका बाजूला वाटते, मित्रासाठी खोटे बोलणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? दुसरी म्हणते, मित्रालाच जो वाऱ्यावर सोडतो, त्याच्यावर कसा ठेवायचा? विश्वासार्हता दोघांनाही हवी आहे. ती कशात दिसते, एवढ्यावरच मतभेद आहे.

डच मानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड (१९२८–२०२०) यांनी या फरकांना आकडे दिले. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावल्यांच्या आधारे त्यांनी १९८० मध्ये ४० देशांची तुलना मांडली. निकष चार होते : सत्तेतल्या दरीचा स्वीकार, व्यक्तिनिष्ठा की समूहनिष्ठा, अनिश्चिततेची धास्ती आणि स्पर्धेला मिळणारे महत्त्व. पुढे आणखी दोन जोडले गेले. एकाच कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्खा देश कसा जोखायचा, हा आक्षेप रास्तच आहे. पण खरी गफलत आकडे वापरणाऱ्यांची होते. हे गुण देशाच्या सरासरीचे आहेत, माणसाचे नव्हेत, हे हॉफस्टेड स्वतःच बजावत असत. तरीही प्रशिक्षणवर्गांतून ‘अमक्या देशाची माणसे अशीच’ असे सर्रास शिकवले जाते. त्याने समज वाढत नाही, पूर्वग्रहाला तेवढा शास्त्राचा शिक्का मिळतो.

शिवाय रीती बदलतात. स्वीडनमध्ये पूर्वी परक्या माणसाला त्याच्या हुद्द्याने संबोधत. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड हे सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि आपण सर्वांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार असे त्यांनी जाहीर केले. बदल आधीच सुरू झाला होता, तो आता झपाट्याने पसरला. १९८० च्या दशकात तरुण दुकानदार ग्राहकांना आदराने ‘नी’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणू लागले. वृद्ध ग्राहक मात्र दुखावले जात, कारण त्यांच्या तरुणपणी ‘नी’ हा शब्द खालच्या दर्जाच्या माणसासाठी वापरला जाई.